जनूभाऊंचे दोन दांडे

जनूभाऊ राऊतांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी हा माणूस उभा, चालत, ओणवा, माडाला लावलेल्या शिडीवर, नाहीतर ट्रॅक्टरखाली उताणा असायचा. चहासुद्धा ते वाडीत फिरत प्यायचे आणि जिथे चहा संपेल तिथे कप ठेवून पुढे जायचे. दुपारी त्यांची बायको, सुलूवहिनी, केळीच्या ओळींतून कप गोळा करत हिंडायच्या. ट्रॅक्टरच्या सीटवर भाऊ टेकायचे खरे, पण दर ओळीच्या शेवटी उतरून मागचं अवजार बघून यायचे, त्यामुळे ते बसणं मी धरत नाही, गाडीतलंही नाही.

मी त्यांची भाडेकरू. माहेर कराडकडचं, नोकरी वसईच्या कोर्टात स्टेनोची, म्हणजे दिवसभर खुर्चीला चिकटून राहण्याची. मला बसायला मनापासून आवडतं, हेही सांगून टाकते. कोर्टातून आले की मी पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकायची आणि भाऊ माझ्यासमोरून या टोकाकडून त्या टोकाकडे येरझाऱ्या घालायचे, कधी हातात पाना, कधी पाईपचा तुकडा, कधी नुसताच हात. जाता-जाता म्हणायचे, "बसलीस काय बाय? बस, बस." एखादी धडधाकट बाई आपणहून बसू शकते याचं त्यांना खरोखरच नवल वाटत असावं.

वसईजवळ गिरीजला त्यांचं घर वाडीच्या तोंडाशीच आहे. खोली बघायला गेले तेव्हा भाऊ स्टुलावर उभे राहून तिथल्या पंख्याशी झटापट करत होते. लाइट, पाणी, किल्ली सगळं त्यांनी वरूनच ठरवलं. खोली मला आवडली. अडचण एकच होती, खोलीला दार नव्हतं. दार खालून घासतं म्हणून भाऊंनी ते काढून मागच्या अंगणात दोन ड्रमांवर आडवं टाकलं होतं, रंधा मारायला. कधी बसेल, असं विचारलं तर म्हणाले, "झालाच हाय."

हे दोन शब्द पुढे मी इतक्यांदा ऐकले की डिक्टेशन घेतानाही कानात वाजायचे. झालाच हाय म्हणजे ते काम करायचा विचार मनात येऊन गेलेला आहे. दाराला रंधा मारताना त्यांना पातं बोथट वाटलं, पात्याला धार लावायला गेले तर सहाण डगडगती दिसली, आणि तिथून ते विहिरीच्या मोटरपर्यंत कसे पोचले ते त्यांनाच ठाऊक. तोवर वहिनींनी मला जुन्या साडीचा पडदा शिवून दिला. दार लागलं तेव्हा मला पडद्याची सवय होऊन गेली होती, म्हणून तोही राहिला. समुद्राकडून वारा सुटला की फडफडायचा. त्या पडद्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

लग्नकार्यात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. पुतण्याच्या लग्नात त्यांना पंगतीत पानावर बसवलं होतं, असं म्हणतात. मी पोचले तेव्हा पान होतं आणि भाऊ नव्हते. हॉलच्या मागे, नव्या झब्ब्याच्या बाह्या वर सारून, ते पाण्याच्या पंपाला वायसर घालत होते. नवरामुलगा शोधत शोधत पाया पडायला आला, तर त्याला म्हणाले, आलास बरा, हा जरा धर. अल्बममध्ये तो फोटो आहे. नवऱ्याला मुंडावळ्या आणि हातात बारा-तेराचा पाना.

त्यांच्या या धावपळीचा मला कधीकधी राग यायचा. रविवारी दुपारी जरा डोळा लागावा तर मागे ठाकठूक सुरू. एकदा मी तोंडावर म्हटलं, भाऊ, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही का? ते विचारात पडले. मग म्हणाले, "बसल्यावर येतो."

सुलूवहिनी अगदी वेगळ्या. बोलणं मोजकं, चाल संथ, पण वाडीतलं खरं काम त्यांचं. कुठल्या केळीचा घड कधी उतरवायचा, सोनचाफ्याची फुलं कोण नेणार, वांगी कुठे आणि भेंडी कुठे, हे सगळं त्यांच्या मनात ठरलेलं. भाऊ यंत्रांचे आणि वहिनी मातीच्या. वाडी तशी फार मोठी नाही. राजेळी केळीच्या ओळी, कडेने माड, मोकळ्या पट्ट्यांत भाजी आणि एका कोपऱ्यात बावखल, म्हणजे वसईकडच्या वाड्यांतून असतं ते गोड्या पाण्याचं तळं. त्या बावखलाच्या काठावर उभं राहिलं की दूरच्या बिल्डिंगा माडांआड जातात. मला तिथे बरं वाटायचं.

केळीच्या ओळी अरुंद, तिथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून भाऊंनी छोटा घेतला होता. त्याच्या पाठीला हायड्रोलिकचा पॉइंट एकच. पॉइंट म्हणजे तेलाचे पाईप जोडायची जागा. दाबाचं तेल तिथून ट्रॉलीच्या जॅकमध्ये जातं आणि ट्रॉली उलटते. मागची लिफ्ट अवजार वर-खाली करते, तेवढं सीटवरून व्हायचं. बाकी सगळं हाताने. रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, पुढे-मागे कलता करायचा तर खाली उतरा, मागे जा आणि अवजाराला वरून धरणाऱ्या टॉप लिंकचा जाड स्क्रू दोन्ही हातांनी पिळा. केळीच्या बुंध्याजवळची माती घ्यायची तर पुन्हा उतरा, पिना काढा, रोटाव्हेटर ढकलून बाजूला सरकवा, पिना घाला. भाऊंना यात सुख होतं. उतरायला निमित्त मिळायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर त्यांना नुसतं बावखलापर्यंत जाऊन येताना दम लागायला लागला. वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही गेले. नंबराची वाट बघताना भाऊ बाकड्याखाली वाकले आणि सैल झालेले नट बोटांनी आवळायला लागले. नर्स म्हणाली, आजोबा, बसा बघू. ते म्हणाले, "बाकडा बसन्यासारखा करतोय." ती हसली, आम्हीही हसलो. आत डॉक्टर मात्र हसले नाहीत. हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल, त्यात धोका आहे, न करण्यात जास्त आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तारीख शिमग्याच्या आधीची मिळाली. तोवर जड काम बंद, आणि ऑपरेशननंतरही वाडीतली कामं विसरायची. परत येताना भाऊ गाडीच्या खिडकीची काच वर-खाली करत होते.

पुढच्या रविवारी प्राची आली. प्राची त्यांची एकुलती मुलगी, विरारला पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहते. वाईट मुळीच नाही, बापावर जीव आहे तिचा. पण ती सगळा विचार करून आली होती. एकाला वाडी हवी होती, लग्नाचं लॉन करायला. बावखल बुजवून तिथे तो गाड्या लावायची सोय करणार होता. प्राची म्हणाली, पप्पांना आता जमणार नाही, मजूर मिळत नाहीत, वाडी बघणार कोण?

"मी बघेन," वहिनी म्हणाल्या.

"आई, प्रॅक्टिकल बोल ना. तुझा हात बघ."

वहिनींचा उजवा खांदा वर्षभरापासून धरला होता. हात पुढे जायचा, बाजूला थोडा जायचा, मागे अजिबात जायचा नाही. ट्रॅक्टर त्या चांगला चालवायच्या, भाऊंपेक्षा सरळ. पण दर ओळीला चढणं-उतरणं आणि तो स्क्रू पिळणं त्यांना शक्य नव्हतं, आणि वाडीचं अर्धं काम त्यातच होतं. प्राचीच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं. वहिनी पदराने हात पुसत राहिल्या. शेवटी प्राचीच जरा नरमली. म्हणाली, पप्पा ॲडमिट व्हायच्या आत तू एकटीने, कुणालाही हाक न मारता, ट्रॅक्टर घेऊन वाडी करून दाखव. मग मी त्या माणसाला नाही म्हणून सांगते आणि हा विषय पुन्हा काढत नाही.

भाऊ तोवर खिडकीच्या कडीशी खेळत होते. ते म्हणाले, "झालाच हाय." आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर अंगणात आला. बेत असा होता की त्याच्या पाठीला आणखी दोन पॉइंट काढायचे. टॉप लिंकच्या स्क्रूच्या जागी एक जॅक आणि रोटाव्हेटर बाजूला सरकवायला दुसरा. दोन्हींचे दांडे सीटजवळ. मग वहिनींना उतरायचं कामच नाही, बसल्या जागेवरून दांडा हलवला की झालं. ज्या माणसाला बसणं ठाऊक नव्हतं तो आता दुसऱ्याला बसून काम करता यावं म्हणून उठाठेव करत होता. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. वहिनी हातातून पाना काढून घ्यायच्या, भाऊ दुसरा खिशातून काढायचे. मी ओरडले तर म्हणायचे, हा जड नाय बाय, दहा-अकराचा हाय. त्यांचा श्वास मला ओट्यावर ऐकू यायचा. त्या दिवसांत मला खुर्चीत बसवेनासं झालं. कोर्टातही लक्ष लागायचं नाही, सारखं वाटायचं की घरी काहीतरी झालं असेल.

वॉल्व, जॅक, पाईप हे सगळं फ्रान्सिस मिस्त्रींनी आणून दिलं. वसईत त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. भाऊंशी जुनी ओळख, आणि भाऊंच्या घाईचा जुना अनुभव. मी येतो, थांबा, असं त्यांनी बजावलं होतं. भाऊ कसले थांबतात? त्यांनी वॉल्व बसवून पाईप जोडून टाकले. इंजिन सुरू केलं, दांडे हलवले, दोन्ही जॅक झकास चालले. मग रोटाव्हेटर उचलायला लिफ्टचा खटका ओढला तर लिफ्ट ढिम्म. रोटाव्हेटर जमिनीवर बसला तो बसलाच. दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या आणि मूळची होती ती गेली. मी संध्याकाळी आले तेव्हा भाऊ ट्रॅक्टरला प्रदक्षिणा घालत होते आणि वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मागून फिरत होत्या.

फ्रान्सिस मिस्त्री आले, वाकून बघितलं आणि विचारलं, वॉल्वच्या डब्यात आट्यांचा एक छोटा तुकडा होता तो कुठाय? तो एका भोकात घातला की जास्तीचं तेल पुढे लिफ्टकडे जातं. नाही घातला तर सगळं तेल परत टाकीत, लिफ्ट उपाशी. भाऊ तरातरा माझ्या खोलीकडे गेले, खाली बसल्यासारखे वाकले आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्याची गाठ सोडायला लागले. कंपनी असल्या जादा वस्तू देतेच, असं समजून त्यांनी तो तुकडा पडदा उडू नये म्हणून कोपऱ्याला बांधला होता. कुठलीही वस्तू रिकामी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. फ्रान्सिस मिस्त्री हसून हसून ओट्यावर बसले. त्या दिवशी लिफ्ट उचलली, आणि माझा पडदा पुन्हा फडफडायला लागला.

हसणं ओसरल्यावर मिस्त्रींनी दुसरी गोष्ट दाखवली. असे दांडे सगळीकडे सीटच्या उजवीकडे, मागच्या मडगार्डवर लावतात. वॉल्व तिथून जवळ, पाईप कमी लागतात. भाऊंनी लोखंडी पट्टीवर ते पुढे आणले होते, थेट उजव्या गुडघ्याजवळ. पाईप सीटखालून लांबचा वळसा घेऊन मागे गेले होते. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पाईप वसईतून काढून विरारला नेलेत तुम्ही." भाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दांडे पुढे का आणले ते मला ठाऊक होतं. माझ्या मागच्या खिडकीतून त्यांच्या मागच्या दाराची पायरी दिसते. सकाळी वहिनी त्या पायरीवर बसायच्या आणि भाऊ मागे उभे राहून त्यांचा अंबाडा बांधायचे. हात मागे जात नाही तर अंबाडा बांधणार कसा? भाऊ आधी बोटांचं ऑइल पँटला पुसायचे, पिना ओठांत धरायचे आणि ट्रॅक्टरचा नट बसत नसावा तसं पुटपुटत राहायचे. अंबाडा नेहमी डावीकडे कलायचा. वर एक सोनचाफ्याचं फूल खोचायचे, तेही बहुधा उलटं. एकदा मी म्हटलं, वहिनी, मी बांधून देत जाऊ का रोज? त्या म्हणाल्या, "राहू दे बाय. त्यांना जमायला लागलाय." त्यांना मुळीच जमायला लागलं नव्हतं. वहिनी दिवसभर तसाच कललेला अंबाडा घेऊन वाडीत वावरायच्या, आणि रोज सकाळी ते केस हातात घेणाऱ्याला त्यांचा हात नेमका कुठवर जातो ते पक्कं माहीत झालं होतं.

दांडे पुढे आणले त्याचं कारण ते. पण भाऊ तेवढ्यावर थांबले नव्हते. एरवी दांडे मागे ओढले की एकाने अवजार वर कलतं, दुसऱ्याने आत येतं. भाऊंनी पाईप उलटे जोडून पुढे ढकलल्यावर अवजार वर कलेल आणि झाडापासून आत येईल असं केलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी चालता चालता सांगितलं, आणि मग थांबून सांगितलं, म्हणून मला ते शब्दशः आठवतं.

"मानूस घाबरला की हात पुढं टाकतो. तिचा तर मागं जातच नाय. तवा ढकलला की सगला सुटला पायजे. झाड वाचला पायजे, ती वाचली पायजे."

हे त्यांनी मिस्त्रींना सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी भाऊंना तपासण्यांसाठी मुंबईला जायचं होतं, प्राची येऊन घेऊन गेली. इकडे एका जोडातून तेल झिरपत होतं, म्हणून वहिनींनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गळती बंद केली आणि जाताना पाईप उलटे दिसले. तो तुकडा पडद्याला बांधणारा माणूस, त्याने घाईत हेही उलटं केलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. आपल्या आजारी मित्राला पुन्हा मान खाली घालायला लागू नये म्हणून त्यांनी कुणाला न सांगता पाईप सरळ करून दिले आणि गेले.

भाऊ दवाखान्यातच राहिले रात्री. सकाळी वहिनी एकट्याच ट्रॅक्टर घेऊन केळीत गेल्या. भाऊ परत यायच्या आत हात बसवून ठेवावा, असं त्यांच्या मनात असावं. मी डबा भरून निघाले होते. ओट्यावरून दिसत होतं, पहिली ओळ मधोमध, दांड्यांना हात न लावता, सुरेख गेली. दुसऱ्या ओळीत बुंधा जवळ आला तशी वहिनींनी भाऊंनी शिकवल्याप्रमाणे दांडा पुढे ढकलला. रोटाव्हेटर आत यायचा तो बाहेर गेला. त्या घाबरल्या आणि आणखी जोरात ढकललं. वहिनींनी सुकेळ्यांसाठी, म्हणजे केळी सोलून उन्हात वाळवायला, राखलेली राजेळीची केळ बुंध्यातून कापली गेली आणि अख्ख्या घडासकट ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आडवी झाली. वहिनींपासून हातभर अंतरावर. मी चपला टाकून धावले. त्यांनी इंजिन बंद केलं होतं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"मना जमनार नाय," त्या म्हणाल्या. "प्राचीला फोन कर बाय. त्या मानसाला हो बोल म्हनावं."

मी फोन केला नाही. कोर्टात खाडा झाला तो झाला. दिवसभर वहिनींनी स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल टाकलं नाही, आणि मी मनात भाऊंवर चिडत होते, मिस्त्रींवर चिडत होते, प्राचीवरही. चिडण्यासारखं कुणी काही केलेलं नव्हतं, म्हणून आणखीच चिडचिड होत होती.

तिसऱ्या प्रहरी भाऊ आले. आडवी केळ बघितली, ट्रॅक्टरच्या मागे गेले, पाईपांवरून हात फिरवला. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील, कारण आवाज त्यांचा मोठा होता. ते हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

"सुलू, तुझा चुकला नाय. तू बरोबरच ढकललास. पाईप फिरले होते."

वहिनींनी मान वर केली नाही. त्यांना खरं वाटलं नसावं, समजूत काढतायत असं वाटलं असावं. संध्याकाळी फ्रान्सिस मिस्त्री आले, सगळं ऐकून कानाची पाळी धरली. भाऊंनी त्यांना रागावून काही म्हटलं नाही. दोघांनी मिळून पाईप पुन्हा फिरवले आणि भाऊंनी सांगितल्याप्रमाणे जोड बदलले. आधी प्रत्येक पाईपच्या टोकाला सारखाच जोड होता, म्हणून कुठलाही पाईप कुठेही बसायचा. आता जोडीतल्या एका पाईपला नर, म्हणजे आत शिरणारा, आणि दुसऱ्याला मादी, म्हणजे आत घेणारा जोड लावला. त्यानंतर तो पाईप दुसऱ्या जागी कुणाला बसवायचा म्हटला तरी बसला नसता. मिस्त्री हळूच म्हणाले, उद्या दुसरा ड्रायव्हर ठेवलात तर त्याचा गोंधळ होईल. "दुसरा कोन येतोय?" भाऊ म्हणाले.

पण वहिनी ट्रॅक्टरकडे बघेनात. तारीख जवळ येत चालली होती. मी समजावलं, उपयोग झाला नाही. भाऊंनी समजावलंच नाही. त्यांनी काय केलं, तर ट्रॅक्टर आणून स्वयंपाकघर आणि विहीर यांच्या मधल्या वाटेवर उभा केला. कपडे, भांडी, पाणी, काहीही घेऊन जायचं म्हटलं की त्याला वळसा घालून जावं लागायचं. वर सकाळी तासभर इंजिन सुरू ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, बॅटरी चार्ज होतेय. मला डिझेलच्या वासाने मळमळायचं. वहिनी नाकाला पदर लावून बाजूने जायच्या. असं दोन-तीन दिवस चाललं. मग एकदा, इंजिन सुरू असताना, कळशी घेऊन परतताना त्या थांबल्या. कळशी खाली ठेवली. जमिनीवर उभ्या राहूनच, इकडे-तिकडे बघून, त्यांनी दांडा पुढे ढकलला. रोटाव्हेटर सावकाश आत आला. त्यांनी दुसरा ढकलला, तो वर कलला. त्यांनी कळशी घेतली आणि आत गेल्या. भाऊ माझ्या खोलीच्या कोपऱ्यामागे उभे होते, मी त्यांच्यामागे. दुपारी वहिनी पुन्हा थांबल्या. संध्याकाळी त्या वर चढल्या.

भाऊंचं ऑपरेशन झालं, पण त्यातून ते उठले नाहीत. त्याला आता काही वर्षं झाली. वाडी आहे, बावखल आहे, लॉनवाल्या माणसाला प्राचीने स्वतः फोन करून नाही सांगितलं. मध्ये एकदा वहिनींना ताप होता म्हणून एक ड्रायव्हर बोलावला होता, तो दांडे बघून वैतागला आणि अर्ध्या तासात निघून गेला. वहिनींचा अंबाडा आता मी बांधते. सरळ बसतो. त्या आरशात बघतात आणि वाडीत जातात.

मला मात्र भाऊ म्हटलं की ती सकाळ आठवते. ॲडमिट व्हायचा दिवस. प्राची गाडी घेऊन लवकर आली होती, ट्रॅफिक लागेल म्हणून घाई करत होती. बॅग गाडीत ठेवली आणि बघतो तर भाऊ नाहीत. सगळ्यांनी आपापल्या परीने अंदाज केला, मोटर, ट्रॅक्टर, शिडी. मी वाडीत शोधत गेले. बावखलाच्या काठाला केळीचा एक क्रेट उपडा घातला होता आणि त्यावर भाऊ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, हातात काही नाही. समोर वहिनी केळीत ट्रॅक्टर चालवत होत्या. बुंधा आला की हात पुढे जायचा, रोटाव्हेटर आत यायचा, बुंधा मागे पडला की पुन्हा बाहेर. ओळ संपली, अवजार उचललं, त्या वळल्या, आणि एकदाही मागे बघितलं नाही. डावीकडे कललेल्या अंबाड्यात सोनचाफा होता.

प्राची धापा टाकत मागून आली. आईला बघून तिचं बोलणं अर्धवट राहिलं. बराच वेळ आम्ही तिघंही तिकडेच बघत होतो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, झालं का?"

"झाला," भाऊ म्हणाले.

आता उठतील म्हणून तिने हात पुढे केला. भाऊंनी तो हात धरला आणि क्रेटवर जरा सरकून जागा केली. "बस जरा," ते म्हणाले. प्राची त्यांच्या शेजारी बसली. मलाही म्हणाले, "बस बाय," म्हणून मी काठावर खाली बसले. वहिनी पुढच्या ओळीत शिरल्या. ती ओळ संपेपर्यंत भाऊ उठले नाहीत.